सात दिवसांचं माप

संग्रामपूरच्या बाजारात बद्रुद्दीन मापाऱ्याला कुणी आडनावाने हाक मारल्याचं ऐकिवात नाही. चौतीस वर्षं त्याने लोकांचा कापूस मोजला. वजन घालण्याआधी दोन्ही पारडी रिकामी करून बघायची आणि एका वजनावर कधी विश्वास ठेवायचा नाही, ही त्याची खोड. सकाळच्या दवातला कापूस जड भरतो, तोच दुपारी हलका होतो, हे त्याला तोंडपाठ. एकदा एका बड्या व्यापाऱ्याने "दोन किलो कमी लिही" म्हटलं, तर याने वही त्याच्याच हातात ठेवली आणि सरळ घरी निघून आला. दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांनीच त्याला परत नेलं. असल्या ताठ माणसाबरोबर संसार करणं सोपं नव्हतं, पण त्याच्या बायकोने, ती होती तोवर, तो मान वर करून केला.

बीटी कपाशी आली तेव्हा बाजारात गाड्यांच्या रांगा लागायच्या, बद्रुद्दीनला जेवायची फुरसत नसायची. पुढे जुन्या काट्याच्या जागी आकडे दाखवणारी पेटी आली आणि काही वर्षांनी बोंडात गुलाबी अळी आली. पेटीने बद्रुद्दीनला घरी बसवलं, अळीने त्याच्या मुलाला. मुलगा अकरम, चार एकराचा धनी. लागोपाठ दोन हंगाम त्याच्या हाती नुसती कवडी, म्हणजे किडका कापूस, लागली. त्याने औरंगाबादच्या एका कारखान्यात शब्द टाकला. बायकोला, मलिहाला, घेऊन महिनाअखेर निघायचं ठरलं. घरात मागे उरणार होता एकटा बद्रुद्दीन.

मलिहाला जायचं नव्हतं. ती बी.एस्सी., बी.एड. झालेली. घरबसल्या मुलांना गणित शिकवण्यासाठी पुण्याच्या एका शिकवणीने तिला जवळजवळ घेतलंच होतं. अट एकच, घरचं इंटरनेट धड हवं. सात दिवस रोज तीनदा वेग मोजायचा, कागद भरून पाठवायचा, वेग आठ एमबीपीएसच्या वर पाहिजे. गावात फोन लावायचा तर टेकडी चढावी लागते, म्हणून तिने उपग्रहाची छत्री बसवून घेतली. बसवणाऱ्याने दाखवला तेव्हा वेग दहा होता. मोजणी सुरू झाली त्या दिवशी एक पॉइंट तीन. दुसऱ्या दिवशीही तेवढाच.

मलिहाने टेकडीवर जाऊन छत्रीवाल्यांना फोन केला. ढग असतील म्हणाले. आभाळात तर चिंधीएवढा ढग नव्हता. ती रडवेली होऊन परतली, तेव्हा ओट्यावर बसलेल्या बद्रुद्दीनने विचारलं, "मोजलं तं पारडं रिकामं होतं काय?"

"म्हंजे अब्बा?"

"म्हंजे दुसरं कोनी पारड्यात बसलं नव्हतं ना?"

बसलं होतं. अख्खी गल्ली बसली होती! मागणाऱ्याला पाणी नाकारत नाहीत तसा मलिहाने पासवर्डही कुणाला नाकारला नव्हता. भिंतीला टेकून अकरा जण मोबाइल बघत होते, त्यांत बद्रुद्दीनचा बाजारातला जुना दोस्त किसनराव सगळ्यात पुढे.

"किसन, बंद कर थे."

"काऊन बे? आताच तं कुस्ती सुरू झाली!"

"माह्या सुनेची कुस्ती सुरू हाय. बंद कर."

किसनराव पुटपुटला, पण बंद केलं आणि बाकीच्यांनाही करायला लावलं. तिसऱ्या दिवशी दोन पॉइंट आठ भरले. बद्रुद्दीनला एवढ्याने समाधान होणं शक्यच नव्हतं. त्याने सुनेला समोर बसवलं. "शेतातलं वजन आन् बाजारातलं वजन जुळलं नाही, तं मंधात कुठीतरी गळते. छत्रीपासून तुह्या टेबलापर्यंत मंधात काय काय हाय?"

मधे एक डबा होता. वायर त्यात येते आणि तिथून पुढे हवेतून वाय-फाय. नवी वस्तू जपावी म्हणून अकरमने तो धान्याच्या लोखंडी कोठीमागे ठेवला होता. चौथ्या दिवशी मलिहाने लॅपटॉपला वायर लावून थेट डब्यापाशी मोजलं, तर चार पॉइंट एक. डबा कोठीमागून काढून कोनाड्यात ठेवला, तेव्हा टेबलापाशीही तेवढेच भरू लागले. म्हणजे घरातली गळती संपली. बद्रुद्दीनने बोट वर केलं. "आता वरची."

सत्तरीचा म्हातारा पाचव्या दिवशी सकाळी शिडी चढला. अकरमने शिडी धरली होती आणि तोंडाने बाप पडेल, बाप पडेल असा जप चालू होता. मलिहाने सांगितलं होतं की उपग्रह दक्षिणेला आहे, तेवढी बाजू मोकळी हवी. बद्रुद्दीन वर पोचला आणि त्याने दक्षिणेकडे पाहिलं.

छत्रीसमोर बोराटीच्या काट्यांचा हा एवढा भारा होता, हिरव्या पानांसकट. सातपुड्यातली वांदरं येऊन छत्री हलवतील म्हणून बांधलेला. बांधणारा खुद्द बद्रुद्दीन, छत्री बसली त्याच संध्याकाळी.

चौतीस वर्षांत कुणाच्या मापात खोट येऊ दिली नाही आणि सुनेच्या मापावर आपणच हात ठेवला! त्याला इतकी लाज वाटली की खाली शिडी धरलेल्या अकरमकडे बघवेना. मग त्याने एकेक काटी सोडली, हात ओरबाडून घेतले आणि तोच भारा छत्रीच्या खांबाच्या बुडाशी बांधला. "मोज, बेटा," त्याने वरूनच आवाज दिला. मलिहाने तीनदा मोजलं. नऊ पॉइंट चार. सातव्या दिवसापर्यंत माप त्याच्या आगेमागेच राहिलं.

आता कागद पाठवायचा होता. अकरम म्हणाला, "पह्यले चार दिवसबी नऊच लिह्य. कोन येते वर चढून पाह्यले?"

मलिहाने सासऱ्याकडे पाहिलं. बद्रुद्दीन गप्प राहिला. गप्प राहणं त्याला किती जड गेलं ते त्यालाच ठाऊक, पण माप तिचं होतं. मलिहाने पेन उचललं आणि एक पॉइंट तीनपासून सगळं जसंच्या तसं लिहिलं. शेजारी कारणंही लिहिली, गल्लीतले मोबाइल, लोखंडी कोठी, छतावरचे काटे. बद्रुद्दीनने चष्मा लावून वाचलं.

"काटे कोनं बांधले, थे लिह्य."

"राहू द्या ना अब्बा."

"लिह्य म्हनतो ना!"

तिने लिहिलं.

दोन दिवसांनी पुण्याच्या शिकवणीतल्या बाईंचा चेहरा लॅपटॉपवर आला. "चार दिवस इतके वाईट असूनही तुम्ही तसंच पाठवलंत? बाकीच्यांच्या कागदांवर सातही दिवस एकच आकडा आहे. आणि हे 'काटे, सासऱ्यांनी बांधले' म्हणजे काय हो?" मलिहाने सगळं सांगितलं. बाई पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "चला, मी सहावीतली मुलगी आहे. मला अपूर्णांक शिकवा."

मलिहा उठली. तिने कोपऱ्यातलं कपाशीचं एक बोंड आणलं आणि कॅमेऱ्यासमोर उकललं. "बोंडाचे कप्पे चार. एक अळीने खाल्ला. राहिले किती?"

"तीन."

"तीन. पण कशातले?"

"चारातले तीन. तीन चतुर्थांश."

"शाब्बास. अळीने एक नेला, म्हणून आपण बोंड फेकत नाही. उरलं ते मोजतो."

पडद्याआड उभा बद्रुद्दीन कान देऊन ऐकत होता. वीस मिनिटांत चित्र एकदाही थांबलं नाही, आवाज एकदाही तुटला नाही. अकरम दारात बोंडाकडे बघत उभा होता. बाईंनी "पहिल्या तारखेपासून या" म्हटल्यावर तो टेकडी चढून गेला आणि औरंगाबादला फोन लावून येत नसल्याचं सांगून आला.

महिन्याभरात ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली. एका दुपारी शेजारच्या गावचे रंगराव मोटरसायकलवर आले. त्यांच्याही घरी नवी छत्री बसली होती आणि वेग काही केल्या भरत नव्हता. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "मापारी तुमीच काय?"

बद्रुद्दीनने नाही म्हणून मान हलवली आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

"मापारी आत हाय. तास सुरू हाय तिचा, बसा जरासक."