पानावरच्या अकरा खुणा

माझी आत्या सव्वीस वर्षं एकाच छापखान्यात प्रूफं वाचते आहे. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला पातळ कागद असतो, जो आपण न उघडताच फेकून देतो, तो आत्या वाचते. पट्टी एकेक ओळ खाली सरकवत, ओठ हलवत, एकही शब्द न गाळता. त्यासाठी तिला जिन्यालगत छोटी खोली होती. दहा ते एक ती आतून कडी लावून घ्यायची. एकदा खुद्द मालक दार वाजवून परत गेले होते, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मग नवे मॅनेजर आले. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना दोन दिवस एकाग्रतेच्या शिबिराला बसवलं. डोळे मिटून श्वास मोजायचे, दिवसातली तीन महत्त्वाची कामं वहीत लिहायची. आत्याने मुकाट्याने श्वास मोजले. तिसऱ्या दिवशी कामावर गेली, तर खोलीची भिंत पाडलेली आणि तिचं टेबल मोठ्या हॉलमध्ये, फोनच्या शेजारी. समोरच्या पडद्यावर कोणी तासाला किती पानं उरकली याची यादी. आत्या तळाला. वर मोबाइलवर आलेल्या प्रत्येक मेसेजला दोन मिनिटांत उत्तर गेलंच पाहिजे, असा नियम.

"साहेब, तीन तास मला कुणी हाक मारणार नाही एवढी सोय करा," ती म्हणाली.

"मॅडम, दार लावून बसायचे दिवस गेले. आता सगळे सगळ्यांना उपलब्ध हवेत."

दीड महिन्याने लहान मुलांच्या तापाच्या औषधाचा कागद आला. २.५ मिलीमधलं टिंब गळलं होतं. २५ मिली, म्हणजे दसपट औषध. आत्याच्या नजरेतून ते निसटलं. चाळीस हजार प्रती छापूनही झाल्या होत्या आणि मशीन चालूच होतं. घड्या घालणाऱ्या बाईंच्या घरी नातवाला तेच औषध चालू होतं, म्हणून त्या आकड्यावर थबकल्या आणि मशीन थांबवायला धावल्या. नाहीतर काय झालं असतं, ते बोलवत नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या हातात मेमो पडला. कारण: 'एकाग्रतेचा अभाव'.

ती वाचून लालबुंद झाली. फाइलमधून तिने ते प्रूफ काढलं. वाचताना कुणी हाक मारली की थांबलेल्या जागी समासात पेन्सिलीने बारीक रेघ ओढायची तिची सवय, म्हणजे पुन्हा तिथूनच सुरुवात करता येते. त्या एका पानावर अकरा रेघा होत्या. टिंब हरवलेल्या ओळीसमोर तर दोन.

कागद घेऊन ती मालकांकडे गेली. मॅनेजर तिथेच बसले होते.

"चूक माझी आहे, ती मी लिहून देते," आत्या म्हणाली. "पण एका पानाला अकरा वेळा माझं डोकं वर करायला लावायचं आणि मग लक्ष नाही म्हणून मलाच कागद द्यायचा? यावर मी सही करणार नाही. आणि हा मेमो मागे घेईपर्यंत एकाही प्रूफावर करणार नाही."

"ही धमकी झाली," मॅनेजर म्हणाले.

"धमकी नाही. अशा जागी बसून वाचलेल्या कागदाची हमी मी देऊ शकत नाही. तुम्ही देत असाल तर तुम्ही सही करा."

मॅनेजरांनी पेनाला हात लावला नाही. सहीशिवाय औषधाचा कागद छापता येत नाही. मशीन तीन दिवस उभं राहिलं. चौथ्या दिवशी मालकांनी मेमो फाडला आणि वरच्या मजल्यावरचं कागदाचं कोठार तिला वाचायला रिकामं करून दिलं.

माफी मात्र कुणी मागितली नाही. पडद्यावरची यादी अजून चालू आहे, आत्या अजून तळाला आहे. घड्या घालणाऱ्या बाईंना कुणी साधं शाबास म्हटलं नाही. तेवढं आत्यानेच त्यांच्या घरी जाऊन म्हटलं, आणि त्यांच्या नातवाला बराच वेळ मांडीवर घेऊन बसली.