वाफ्यांना काय पांघरायचं

इतर डिपार्टमेंटांकडे रेकॉर्ड असतं, आमच्या गार्डन डिपार्टमेंटकडे किस्से आहेत. एक उचलला की खालून दुसरा निघतो, ओल्या पाल्याखालून गांडूळ निघावं तसा.

डिपार्टमेंट म्हणजे आम्ही तिघं. जित्याहून गाडीने येणारे भिवाकाका माळी, रोह्याच्याच सोनूबाई झाडूवाल्या, आणि पेणहून येणारी मी, बी.एस्सी. बॉटनी, नवी कोरी सुपरवायझर, प्रोबेशनवर. कंपनीच्या रोह्याच्या कॉलनीतले वाफे उन्हाळाभर तगले तर मेअखेर मी पर्मनंट, नाहीतर घरी. हे मला म्हात्रे साहेबांनी सांगितलं होतं. ते वर्क्स मॅनेजर. कायम टाय, आणि कंपनीत इंग्रजीशिवाय शब्द नाही. त्यांच्या गाडीचा हॉर्न ऐकला तरी माझ्या हातातली झारी पडायची.

तशी मी कशालाही दचकते. म्हणून भिवाकाका माझ्याकडे येताना लांबूनच खोकायचे. सोनूबाई ओरडायच्या, "आले हां मी!" मी त्यालाच दचकायचे.

*

एप्रिलात माती तडकायला लागली. हवेत एवढा दमटपणा, पण मुळांना त्याचा काय उपयोग? मातीवर आच्छादन हवं होतं. मी गडबच्या गिरणीतून भाताचं तूस आणून पसरलं. वाफे सोन्याचे दिसायला लागले.

दुपारी वारं सुटलं. समोर गेस्ट हाउसच्या व्हरांड्यात म्हात्रे साहेब पाहुण्यांबरोबर चहा पीत होते. त्यांनी एक घोट घेतला, थांबले, जिभेवरचं तूस दोन बोटांनी काढून बशीच्या कडेला ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"युअर्स, आय बिलीव्ह."

*

मग नारळाची सोडणं आणली. जड असतात, उडत नाहीत, ओल धरतात. मी रांगेत पालथी मांडली. दुसऱ्या दिवशी मधूनमधून दात पडल्यासारखी रांग. काही दिवसांत वाफा बोडका.

"सोनूबाई, चोर कोण असेल?"

"चोर कशाला गो म्याडम? सोडण कोन मातीत घालतं? लोकांना वाटलं, वाळत घातलीव. नेली बंबाला."

"तुम्ही पाहिलंत? मग अडवलं नाही?"

"मी फक्त कडंकडंची घेतली."

भर एप्रिलात सगळी कॉलनी कडकडीत पाण्याने आंघोळ करत होती.

*

पेणला आमच्या घराशेजारी गणपतीचा कारखाना. मूर्ती पेंढ्यात बसवून मुंबईला जातात. उरलासुरला पेंढा मी मागून घेतला आणि टेम्पोने रोह्याला आणला. पसरताना हाताला काहीतरी गार लागलं. बोटं होती.

माझी किंकाळी टाइम ऑफिसपर्यंत गेली. सिक्युरिटीवाले काठ्या घेऊन धावत आले. भिवाकाकांनी पेंढा बाजूला केला. वीतभर गुलाबी हात, तळव्यावर मोदक.

त्या दिवसापासून त्या वाफ्यात कोणी चप्पल घालून शिरेना. मासळीचं खत घालायचं म्हटलं तर भिवाकाकांनी कानाला हात लावले. "बाप्पाच्या अंगावर मासली? मी नाय."

शेवटी हाताचं नदीत विसर्जन केलं. सोनूबाईंनी अख्खी आरती म्हटली. पेंढाही निर्माल्य म्हणून बरोबरच गेला.

*

आता राहिला सुका पाला. कॉलनीत हवा तेवढा, पण मी पसरला की सोनूबाई झाडायच्या. "पाला दिसला तर लोक बोलतील, सोनू आली नाय."

मे महिना अर्धा सरला होता. सोमवारी म्हात्रे साहेब वाफे बघायला यायचे होते. भिवाकाका पुतणीच्या लग्नाला रजेवर. मी एकटीनेच गेटजवळच्या वाफ्यांत कर्दळीचे कंद लावले, वर पाल्याचा जाड थर दिला आणि तो उडू नये, झाडला जाऊ नये म्हणून त्यावर माती भुरभुरली.

सोनूबाई लांबून बघून म्हणाल्या, "आता कसं घरच्यासारखं दिसतंय." मला बरं वाटलं.

सोमवारी गेटजवळ पोचले तर धूर. भिवाकाका वाऱ्याकडे पाठ करून काठीने पाला ढवळत होते. या वेळी खोकलेसुद्धा नाहीत.

"काका, हे काय करताय?"

"राब भाजतंय. झ्याक मांडलंवस गो म्याडम. वर माती पन टाकलीस. कोनी शिकवलं?"

आमच्याकडे पावसाच्या आधी भाताच्या रोपांसाठी जागा अशीच तयार करतात. पाला पसरायचा, वर माती टाकायची आणि पेटवायचा. मे महिन्यात घरोघर तेच चाललेलं असतं.

"काका, खाली कर्दळ आहे."

काकांची काठी थांबली. तेवढ्यात हॉर्न वाजला. झारी नव्हती, म्हणून माझ्या हातातला डबा पडला.

म्हात्रे साहेब उतरले आणि काळ्याठिक्कर वाफ्यांकडे बघत उभे राहिले. भिवाकाका पुढे झाले. "साहेब, चुकी माझी हाय. पोरीला काय बोलू नका."

साहेबांनी हातानेच त्यांना थांबवलं. टाय खांद्यावर टाकला. वाफ्याशी उकिडवे बसले, राखेखालची माती चिमटीत घेतली, तिचा वास घेतला.

"भात कंचा टाकनार?" त्यांनी मला विचारलं.

माझ्या तोंडून निघालं, "रत्ना."

साहेबांनी मान डोलावली. गाडीत जाऊन बसले. गाडी सुटता सुटता काच खाली आली.

"लावनीला मना बोलव."