इंजिनाची साक्ष

"राख टाकली का?" हा मावशीचा पहिला प्रश्न असे. वांग्यावर मावा पडलेला असो, घरात मुंग्या झालेल्या असोत, की पातेल्याचा काळेपणा जात नसो; तक्रार पुरती ऐकून घ्यायचीही तिची तयारी नसे. मी एकदा नुसतं म्हणालो, बदलीचा अर्ज केलाय, उत्तरच येत नाही. तेव्हाही तिनं तेच विचारलं.

मावला गावात तिच्या मळ्याला लागून मी भाड्यानं राहत होतो आणि जवळच्या आदिलाबादच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. कापूस वेचून झाला की उरलेली झाडं, म्हणजे पऱ्हाटी, तिच्या चुलीत जळत. ती राख जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची, डब्यात भरायची आणि पहाटे पानांवर दव असताना वांग्यांवर उधळायची. त्या वेळी मी अंगणात दात घासत उभा असलो, तर वाऱ्याबरोबर तिची थोडी शेती माझ्या तोंडावर येई. कुरकुर केली की म्हणे, "राखेनं कोणाचं वाईट नाही होत, मास्तर. त्यानंच घासा दात."

तिचा एकुलता मुलगा शेतकी कॉलेजातून शिकून आला आणि फवारणीबद्दल बोलू लागला. मायलेकांचे वाद मला कुंपणापलीकडून फुकट ऐकायला मिळत. "तुह्या औषधाच्या डब्यावर कवटी काढेल असते," ती म्हणे. "माह्या डब्यावर काय हाय?" तिच्या डब्यावर बिस्किटं खाणाऱ्या गुटगुटीत बाळाचं चित्र होतं.

पुढं तो भाताच्या शेतीचं शिक्षण घ्यायला सहा महिने फिलिपाइन्सला निघाला. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला पोरगा भात शिकायला समुद्रापार चालला, हे मावशीनं बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला भाजीबरोबर दिलं. जाण्याआधी जिल्ह्यातल्याच मुधोळच्या एका मुलीशी त्याचं लग्न ठरवून टाकलं. "आधी नोकरी लागू दे ना," असं तो एक-दोनदा म्हणाला होता. अशा वेळी मुलाचं कोण ऐकतं, तुम्हीच सांगा.

लग्न मृग सरता सरता होतं. आठ दिवस आधी तार आली. तार इंग्रजीत, म्हणून मावशी ती घेऊन माझ्याकडं आली. मी वाचून सांगितलं, तिकडं ज्वालामुखी फुटलाय, आकाशात राख पसरलीय, विमानं बंद आहेत, लग्नाच्या दिवसापर्यंत पोचणं होणार नाही.

"काय हाय म्हणता आकाशात?"

"राख."

ती राख मीच तिकडं नेऊन टाकल्यासारखी ती माझ्याकडं पाहत राहिली. "नीट वाचा, मास्तर."

मी नीट वाचलं. मग माझ्यातला शिक्षक जागा झाला. काडीनं मातीत डोंगर काढला, त्याला तोंड काढलं, तोंडातून धूर काढला. ही चुलीतली राख नव्हे, दगडाचं पीठ आहे, इंजिनात गेलं की इंजिन बंद पडतं, वगैरे. या चित्रापुढं माझे विद्यार्थी श्वास रोखून बसत. मावशीनं फक्त विचारलं, "तुमी पाह्यली थे राख?"

पाहिली नव्हती. तिनं पायानं माझा डोंगर पुसला.

"राखेनं विमान नाही अडत. माह्यं पोरगं अडलं हाय," ती म्हणाली आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून रडू लागली. इतकी वर्षं शेजारी राहून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, संशय मलाही आला होता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ज्वालामुखीची चार ओळींची बातमी होती, पण विमानाचं नाव नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मुधोळहून मुलीचे वडील बसनं आले. भला माणूस. खाटेवर बसले, पाणी प्याले, वांग्यांची चौकशी केली आणि मग मान खाली घालून म्हणाले, "बाई, आमच्या गावात लोक हासून राह्यले. राखेनं विमान कसं थांबते, तुमीच सांगा. पोराचं मन नसन तर आत्ताच बोला. माह्या पोरीचं मी दुसरीकडं पाहीन."

विहिरीवर तेलइंजिन धडधडत होतं, पाऊस नव्हता आणि वांगी त्या पाण्यावरच तगून होती. मावशीनं तिकडं पाहिलं. मग उठली, गुटगुटीत बाळाचा डबा घेतला आणि म्हणाली, "या."

तिचा नवरा विहिरीवरच होता, त्याचा त्या इंजिनावर फार जीव. दसऱ्याला आधी त्याला हार, मग देवाला. हवा ओढणाऱ्या तोंडावरची जाळी केव्हाच हरवली होती, म्हणून तिथं त्यानं स्वतःच्या धोतराचं फडकं बांधलं होतं. मावशीनं ते सोडलं.

"अवं, काय करून राह्यली?" नवरा ओरडला.

"तुमी सरका."

राखेची पहिली मूठ इंजिनानं बडीशेपेसारखी खाल्ली. दुसरीही गेली. तिसरीला त्याला ठसका लागला, पण ते चालतच राहिलं. तेव्हा मी तिचा चेहरा पाहिला. पुढं काय होणार हे तिलाही माहीत नव्हतं. इंजिन असंच चालत राहिलं असतं तर पोरगा खोटा ठरला असता, सोयऱ्यांसमोर, तिच्याच हातानं. चौथी मूठ. पाचवी. मग काळा धूर निघाला, आतून ठोके बसल्यासारखा आवाज झाला, पट्टा थरथरला आणि इंजिन बंद पडलं. पाइपातून थोडं पाणी आलं आणि तेही थांबलं.

"हे पाच हॉर्सचं, जमिनीवर उभं हाय, तरी मेलं," ती धापा टाकत म्हणाली. "विमानात तं माणसं बसतेत."

मुलीच्या वडिलांनी रुमालानं घाम पुसला. "तारीख पुढं घेऊ," म्हणाले. नवरा इंजिनाच्या अंगावरून हात फिरवायला गेला आणि चटका बसून मागं सरला.

पाऊस पडेपर्यंत ते इंजिन काही सुरू झालं नाही. नवराबायकोनं घागरींनी वांगी जगवली. शेजारधर्म म्हणून मीही दोन घागरी नेल्या आणि चार दिवस कंबर धरून वर्ग घेतला. मुलगा आला, मुधोळला लग्न झालं, आणि पंगतीत मावशीनं मला जिलेबीचा इतका आग्रह केला की शेवटी मीच तिला म्हणालो, आता यावर राख टाक.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला ती गेली. माझी बदली तोवर झाली होती. कळलं तसा मी मावल्याला आलो. मुलगा विहिरीच्या काठावर बसला होता. मीही बसलो. मग तो म्हणाला, "मास्तर, विमानं लवकर सुरू झाली होती. मी त्याच्यानंतर आठ दिवस तिथंच बसून होतो. यावं का नाही, ठरतच नव्हतं. मायनं माह्यासाठी चालतं इंजिन मारलं, अन् मी... तिले कधी सांगितलं नाही. आता कोणाले सांगू?"

मग मी आठ वर्षं पोटात ठेवलेलं बोललो. विमानं सुरू झाल्याचं मी तेव्हाच रेडिओवर ऐकलं होतं आणि आनंदानं धावत जाऊन तिलाच सांगितलं होतं. चार दिवस गेले तरी पोराचा पत्ता नाही, तेव्हा न राहवून पुन्हा गेलो. ती वांग्याला पाणी घालत होती.

"काही बोलली नाही ती?"

"बोलली. म्हणाली, विमान निघालं म्हन्जे काय झालं, मास्तर? पोराचं मन निघायले चार दिवस लागन. तुमी कोणाले बोलू नका."

तो तोंड फिरवून बसला. खांदे हलत होते. तेवढ्यात घरातून त्याच्या बायकोनं, मुधोळच्या त्या लेकीनं, चहा झाल्याची हाक मारली. मीच ओरडून सांगितलं, "येऊन राह्यला, पोरी."