लेक चालत दौंडला गेली तेव्हा

ह्यांची जीभ जड व्हायला लागली तेव्हा गावात बोभाटा झाला तो दारूचा. माझा नवरा रांजणगावच्या एका कंपनीत सुपरवायझर. शिरूरच्या आमच्या चर्चमध्ये रविवारी गायनाची सुरुवात करून द्यायची तीही ह्यांनीच. आणि लोक म्हणू लागले, हल्ली घेतोय वाटतं. कंपनीच्या गेटवर एकदा ह्यांना थांबवून तोंडाचा वास घेतला गेला. मला ते त्यांच्या मित्राकडून कळलं. चर्चमधल्या एका बाईंनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं, की व्यसन सुटावं म्हणून त्या रोज प्रार्थना करतायत.

पुढे हातातून कप निसटू लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी पुष्कळ तपासण्या करून आजाराचं नाव सांगितलं : मोटर न्यूरॉन. स्नायूंना हलायला सांगणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. औषधाने आजाराचा वेग थोडा कमी होतो, पण माणूस बरा होत नाही.

आमची मुलगी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. बरं करणारं औषध का नाही, असं तिने डॉक्टरांना सरळ विचारलं. संशोधन चालू आहे, पण आजार विरळ, त्यामुळे पैसा कमी पडतो, असं ते म्हणाले. ते तिच्या डोक्यात बसलं. शिरूरहून दौंडला, तिच्या आजोळी, चालत जायचं. वाटेत आजाराबद्दल सांगायचं आणि लोक देतील ते संशोधनाला पाठवायचं, असं तिने ठरवलं.

मला ते पटलं नाही. रस्त्यावर ट्रक, उसाच्या ट्रॉल्या. शिवाय जे आम्ही चार भिंतींत झाकून ठेवलं होतं, ते ही गावोगाव सांगत फिरणार. मी तसं बोलूनही दाखवलं. हे खुर्चीत बसून ऐकत होते. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "जाऊ दे तिला. मी पीत नव्हतो, एवढं तरी लोकांना कळू दे."

मग मीच म्हणाले, पाणी घेऊन स्कूटीवर मागून मी येते.

थंडीत ती निघाली. बरोबर दोन मैत्रिणी, आणि मागे पाण्याच्या बाटल्या घेऊन स्कूटीवर मी. शर्टाच्या पाठीवर तिने छापून घेतलं होतं, 'माझे पप्पा दारू पीत नाहीत. त्यांना मोटर न्यूरॉन आहे.' मला ते वाचून कसंसंच झालं होतं, पण लोक थांबत ते त्यामुळेच. न्हावऱ्याच्या अलीकडे एका आप्पांनी तिला थांबवलं. "मोटर म्हंजी? पाण्याची?" त्यांनी विचारलं. ती हसली आणि म्हणाली, तसंच समजा आप्पा, मोटर चांगली आहे, पण तिच्याकडे येणारी वायर जळालीय. आप्पांना ते चटकन कळलं. मग पुढे प्रत्येक ठिकाणी ती तेच सांगू लागली.

इनामगावात पोचेपर्यंत तिच्या टाचेला फोड आले होते. मुक्काम मैत्रिणीच्या घरी होता. तिथल्या शेजारच्या मावशी तिन्हीसांजेला ह्या चालत आलेल्या पोरी बघायला आल्या. शर्टावरचं वाचून दाखवायला लावलं आणि भिंतीला टेकून बसून राहिल्या.

"आमच्या मालकांचं असंच झालतं," त्या म्हणाल्या. "बोलताना शब्द घसरायचे, मग घास उतरंना. शेवटपर्यंत सांगत व्हते, म्या घेतली न्हाई. माझ्याबिगर कुणालाच खरं वाटलं न्हाई."

तोच आजार असेल का, हे आता कोण सांगणार? मुलीनेही ते प्रामाणिकपणे सांगितलं. पण मावशींनी तिच्याकडून ते नाव पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं, स्वतःला नीट म्हणता येईपर्यंत. दिराला सांगायचंय, म्हणाल्या. मी त्यांच्याजवळ सरकून बसले. ह्यांच्याबद्दल परक्या माणसाशी मी मोकळेपणी बोलले ते त्या संध्याकाळी पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दौंडच्या अलीकडे भीमेच्या पुलापाशी माझा भाऊ ह्यांना गाडीतून घेऊन आला होता. हे गाडीत थांबायला तयार नव्हते. व्हीलचेअर काढायला लावली आणि पूल लेकीने त्यांना ढकलत पार केला. पलीकडे माझे वडील, आमचे नातेवाईक आणि तिथल्या चर्चची मंडळी चहा घेऊन उभी होती. ती लंगडत होती, हे हसत होते. असे हसताना मी त्यांना कितीतरी महिन्यांनी पाहिलं.

जमलेले पैसे संशोधन करणाऱ्यांकडे पोचले. काही महिन्यांनी तिकडून विचारणा झाली, अभ्यासासाठी रक्ताचा नमुना द्याल का? एव्हाना ह्यांचं बोलणं पूर्ण थांबलं होतं. एका बोटाने ते मोबाईलवर लिहितात. मी प्रश्न वाचून संपवायच्या आत त्यांनी लिहिलं, 'कधी जायचं?'

सकाळी उपाशीपोटी पुण्याला जाताना शिक्रापूरला ट्रकांच्या गर्दीत अडकलो. उशीर होईल म्हणून हे सारखे घड्याळाकडे बघत होते. पण वेळेत पोचलो. नर्सने शीर शोधून रक्त काढलं, कापसाचा बोळा दाबून धरायला मला सांगितला, आणि आता नाश्ता केला तरी चालेल, म्हणाली.