पंचविसाव्या वर्षानंतर

आमच्या डोंगरावर खाण काढायची की नाही, यासाठी शाळेत जनसुनावणी होती. कंपनीचे साहेब पडद्यावर तक्ता दाखवत होते. साल जितकं लांबचं, तितकी त्यातल्या नफा-नुकसानीची आजची किंमत कमी, असा त्यांचा हिशेब. पंचविसाव्या वर्षी खाण संपत होती आणि तक्ताही.

"त्याच्या पुढं काय?" शेजारच्या सुलभाकाकूंनी विचारलं.

"पुढचं आज जवळजवळ शून्यच धरतात, काकू."

"माझी नात तेव्हा तिशीची असंल. ती शून्य? खाणीनं डोंगराचा झरा आटला तर तिनं काय तुमचा तक्ता प्यायचा?"

काकू उठल्या आणि थेट पडद्यापुढे उभ्या राहिल्या. सगळे आकडे त्यांच्या लुगड्यावर, कपाळावर, पांढऱ्या केसांवर पसरले.

"बाजूला व्हा, लोकांना दिसत नाहीये."

"आकडे बघून झाले. आता माणूस बघा."

उद्याला स्वस्त ठरवणारी ही विद्या, उद्याचा माणूस समोर नसतो म्हणूनच चालते. आपल्या विहिरी खणणारे हा हिशेब शिकले असते, तर आपण तहानेनेच मेलो असतो.

मी काकूंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. मागे बाकं सरकू लागली. थोड्याच वेळात पडद्याचा एक कोपराही मोकळा उरला नाही.