डाव्या चपलांचा चोर

तपासनीस वृद्धाश्रमात राहायला आले ते दोन बॅगा आणि एक खोड घेऊन. सगळी नोकरी विमा कंपनीत गेलेली. कुणाचं दुकान जळालं की ते आपोआप जळालं की मालकाने हातभार लावला, हे राखेत नाक खुपसून शोधायचं. निवृत्त झाल्यावर राख संपली, नाक तेवढं राहिलं. मग घरात दूध का करपलं याची ते चौकशी करू लागले. "त्या चौकशीचा निकाल सुनेने लावला," असं तेच हसत हसत सांगायचे.

इथे पहिल्याच आठवड्यात त्यांच्या नाकाला काम मिळालं. खोल्यांच्या दाराबाहेरून चपला नाहीशा होत होत्या. अख्खी जोडी कधीच नाही, फक्त डावी. आणि एक-दोन दिवसांनी ती परत जागेवर यायची, वर पुसून लख्ख!

"चोर कोण ते सगळ्यांना माहितीये," बँकवाल्या बाई म्हणाल्या. त्या बँकेतून निवृत्त झाल्या होत्या, पण काउंटरच्या पलीकडून बोलल्यासारखं बोलणं काही सुटलं नव्हतं. "धाकटा नेतो."

"मग त्याला विचारत का नाही, का नेतोस म्हणून?"

"परत आणून देतो की. आणखी काय विचारायचं? तुम्हाला भारी उचापती!"

धाकटा म्हणजे आश्रमातला सगळ्यांत लहान माणूस. वय पन्नाशीचं, अंगाने थोराड, टाळूवरचे केस विरळ झालेले. पण बुद्धी सात-आठ वर्षांच्या पोरापाशी येऊन थांबली ती थांबलीच. म्हातारी आई त्याला घेऊन इथे राहायला आली होती. पुढे आई गेली, तो राहिला. नियमात तो कुठेच बसत नव्हता. पण जेवणघरात पाण्याचे जग भरणं, व्हीलचेअर ढकलणं, कुणाचा चष्मा कुणाच्या नाकावर चढलाय ते ओळखणं ही खाती त्याच्याकडे होती, त्यामुळे नियमांचा विषय कुणी काढत नसे.

तपासनिसांना चोर मिळाला होता, कारण मिळत नव्हतं. कारण मिळाल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे.

तेवढ्यात मास्तर पडले. गणिताचे मास्तर, शेजारच्याच खोलीतले, स्वभावाने काटेकोर. सकाळी इस्पितळात तपासणीला निघायचं तर डावी चप्पल गायब. लंगडी घालत शोधायला गेले आणि पायरीवर आडवे झाले. घोटा प्लास्टरमध्ये गेला. मास्तरांचा मुलगा आला आणि ऑफिसात असा काही कडाडला की खिडकीतली मांजर उठून गेली.

व्यवस्थापक बाईंनी संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं, "धाकट्यासारख्यांसाठी वेगळी संस्था आहे. सोमवारी तिथली गाडी येईल त्याला न्यायला. माझाही नाइलाज आहे."

धाकटा तिथेच उभा होता. "मग पाणी कोण भरणार?" त्याने विचारलं. बँकवाल्या बाई पदराशी चाळा करत बसल्या.

तपासनीस मात्र कामाला लागले. कुणाकुणाच्या चपला गेल्या? बँकवाल्या बाईंची गेली तेव्हा त्या भाचीकडे निघाल्या होत्या. मास्तर इस्पितळात निघाले होते. आणि कोपऱ्यातले आजोबा, ज्यांना न्यायला कधीच कुणी येत नाही, त्यांच्या चपलेला धाकट्याने आजवर हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तपासनिसांनी गळ टाकला. "उद्या मी मुलाकडे चाललो बरं का!"

"ओरडता कशाला?" बँकवाल्या बाई म्हणाल्या. "आम्ही बहिरे आहोत, पण इतके नाही."

दुपारपर्यंत तपासनिसांची डावी चप्पल गेली. मागच्या अंगणात धाकटा ती सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला होता. तपासनीस गुडघे कुरकुरवत त्याच्या शेजारी टेकले.

"का रे, माझी चप्पल?"

"उद्या जाणार ना काका?"

"हो, जाणार."

"एकच घालून कसे जाणार?" धाकटा खुशीत हसला. मग चप्पल उलटी करून तळ पुसत म्हणाला, "आई दोन्ही घालून गेली."

तपासनिसांनी चप्पल त्याच्याकडेच राहू दिली. मग उठून त्यांनी चौकशी केली, तेव्हा कळलं, की आईला इस्पितळात नेलं त्या दिवशी, आणि पुढे शेवटच्या निरोपालाही, याला कुणी नेलंच नव्हतं. त्याला काय कळणार, म्हणून.

शनिवारी मास्तरांचं प्लास्टर दाखवायला न्यायचं होतं. "धाकट्याला बरोबर घेतो," तपासनीस म्हणाले.

"माझा घोटा मोडणारा माझ्याच टॅक्सीत?" मास्तर भडकले.

"मास्तर, वर्गाबाहेर काढलेलं पोर तुम्ही कधी परत आत घेतच नव्हता का?"

मास्तर सीटवर थोडे सरकले.

इस्पितळात मास्तरांना आत नेलं. धाकटा दारासमोर उभा राहिला. आत जाणाऱ्याकडे बघायचा, बाहेर येणाऱ्याकडे बघायचा. बाहेर येणारा दिसला की मान डोलवायचा.

"आई इथूनच आत गेली?"

"हो रे."

"ती मेली."

तपासनिसांनी टॅक्सीत चार हळुवार वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांतलं एकही त्यांनी वापरलं नाही. "हो," ते म्हणाले.

"मला माहितीये. सगळे सांगतात. मास्तर नाही ना मेले?"

तेवढ्यात दार उघडलं. "कोण मेलं? मी?" मास्तर गरजले. "ठणठणीत आहे मी! चल, काठी धर."

धाकट्याने काठी धरली नाही, मास्तरांनाच धरलं. घट्ट. मास्तर आधी "अरे, अरे" म्हणाले, मग त्यांनी त्याच्या खांद्यावर भार टाकला.

परत आल्यावर मास्तर लंगडत थेट ऑफिसात गेले. "ती सोमवारची गाडी नको. मुलाला मी सांगतो."

"अहो, पण चपलांचं काय?" व्यवस्थापक बाईंनी विचारलं.

"कोणी बाहेर निघालं की त्याला बरोबर पाठवायचं. परत येताना त्याच्या डोळ्यांनी बघू दे."

"एवढंच?"

"एवढंच. शोध तपासनिसांचा, उत्तर मी तपासलंय."

व्यवस्थापक बाईंनी मास्तरांकडे पाहिलं, दारात घुटमळणाऱ्या तपासनिसांकडे पाहिलं आणि फोन उचलून संस्थेला गाडी नको म्हणून कळवलं.

मंगळवारी बँकवाल्या बाई दात काढायला निघाल्या. धाकटा केस विंचरून, सदऱ्याची सगळी बटणं लावून आधीच टॅक्सीपाशी हजर. बाई एक हात गालावर धरून आत बसल्या.

"बाई परत येणार?" त्याने तपासनिसांना विचारलं.

"येणार."

"आणि दात?"

तपासनीस खोटं बोलणार होते, पण बोलले नाहीत. "दात नाही येणार. तो तिथेच राहणार."

धाकट्याने बाईंच्या सुजलेल्या गालाकडे नीट निरखून पाहिलं. मग म्हणाला, "चालेल," आणि बाईंच्या शेजारी बसून त्याने दार ओढून घेतलं.