खिडकीलगतच्या रंभाबाई

चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. सत्तावन्न साली नोकरीसाठी मी तिथे गेलो आणि झरपट नदीच्या बाजूला, गोंडराजांच्या परकोटाला, म्हणजे गावाभोवतीच्या तटाला, टेकलेल्या एका घरात मला खोली मिळाली. घर रंभाबाईंचे. त्या ढिवराच्या, मासे धरणाऱ्यांच्या जातीतल्या. नदीच्या वाळूत टरबुजाची वाडी लावत आणि घरी एकट्याच राहत.

परकोटातल्या लहान दरवाज्याला चांद्यात खिडकी म्हणतात. घराशेजारची खिडकी इतकी बुटकी होती की वाकल्याशिवाय आत येता येत नसे. पलीकडचा माणूस दिसत नाही, म्हणून शिरण्याआधी जो तो खोकत असे. रंभाबाई ओट्यावर बसून नुसत्या खोकल्यावरून माणूस ओळखत.

"हा मुखरू. रिकाम्या हातानं येऊन राह्यला. मासोळी गावली असती तर जोरात खोकलला असता."

आणि खरेच मुखरू रिकामे जाळे घेऊन आत येई.

याच खिडकीतून प्रेते नदीवर जात. माझे सोबती विचारत, मसणाच्या वाटेवर राहून झोप कशी लागते? मला ती जागा आवडली होती. वैशाखात सगळे गाव तापलेले असताना आमच्या ओट्यावर भिंतीची सावली येई. खिडकीतून नदीचा वारा आत शिरे, त्याला ओल्या वाळूचा आणि पिकल्या टरबुजाचा वास असे. दुपारी धुणी आपटल्याचा आवाज भिंतीवर घुमे. तो आवाज थांबला की मात्र गल्ली एकाएकी फार मोकळी वाटे.

दारापुढे एक रांजण होता. मसणातून परतणारे त्यातल्या पाण्याने पाय धूत, निंबाचा पाला चावत आणि मागे न पाहता जात. तेवढा वेळ रंभाबाई दार लावून घेत. पण कोणी गेलेले नसले तरी त्या रांजण रोज भरत.

"आज कोणाचं आहे?" मी एकदा विचारले.

"कोणाचं नाई. कमळाच्या बापासाठी भरून ठेवतो."

नवरा, चैतू, पाच वर्षांपूर्वी पुरात डोंग्यासकट गेला होता. प्रेत मिळाले नाही. खिडकीतून तो आपल्या पायांनी गेला, तसाच येईल, असे त्या अगदी साधेपणाने सांगत.

मुलगी कमळा बल्लारपूरला दिलेली. आईने आपल्याकडे येऊन राहावे म्हणून ती दर महिन्याला येई.

"माय, इथी काय आहे? भिंत अन् मसण."

"नदी आहे ना. तुह्या चाळीत हवा तरी येते का?"

"पाणी पावसाळ्यात ओट्याले लागते. वाहून जाशील एखाद्या दिवशी."

"तुह्या बापाले घर गावलं पाह्यजे का नाई? तो बल्लारपूरले कुठी शोधीन मले?"

वैशाखात कमळा आली ती ठरवूनच. ज्याचे प्रेत मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात. तो विधी आईने पाच वर्षे होऊ दिला नव्हता. बापाला एकदा नीट पोचवले की आईचे वाट पाहणे संपेल, असे कमळाला वाटले. रंभाबाई पुष्कळ भांडल्या. शेवटी म्हणाल्या, "कर. पण रांजण मीच भरीन."

सकाळी मुखरूने पुतळा उचलला. मी आणि भावकीतले काहीजण सोबत गेलो. बाया खिडकीपर्यंतच येत, तशी कमळा तिथेच थांबली. पुतळा जळायला कितीसा वेळ लागणार! आम्ही परतलो, एकामागून एक वाकून आत आलो, पाय धुतले. दार लावलेले होते. कमळाने शेवटी पायांवर पाणी घेतले आणि ती आमच्यामागून निघाली.

तेव्हा खिडकीत कोणी तरी खोकले.

दोनदा, हलकेच. आत कोणी नाही ना, असे विचारल्यासारखे. मुखरूचा निंबाचा पाला तोंडातच राहिला. आम्ही सगळ्यांनी ऐकले आणि एकानेही मान वळवली नाही.

कमळाने वळवली.

"बाबा?" ती म्हणाली.

"मागं पाह्यलं काऊन, पोरी?" मुखरू तिच्याकडे न पाहताच ओरडला. "नेऊन सोडलं, अन् तूच बलावलं!"

खिडकीत कोणी नव्हते, असे कमळा नंतर मला म्हणाली. खिडकीपलीकडे नुसता वाळूचा उजेड दिसत होता.

आमच्या बाजूलाच असलेले घराचे दार आतून उघडले. रंभाबाईंनी लुगडे बदलले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलेही नाही. दारातून जरा बाजूला सरकल्या, एखाद्याला वाट द्यावी तशा, आणि आत जाऊन पाट मांडू लागल्या. एक नाही, दोन.

वैशाखातले ऊन. दगडावर सांडलेले आमचे पाणी बघता बघता वाळले. उंबऱ्यापुढचा दगड मात्र दिवस मावळेपर्यंत ओला होता. मी दोनदा हात लावून पाहिला. गार होता.

कमळा दुसऱ्या दिवशी एकटीच निघाली. चल, असे ती आईला म्हणाली नाही. रंभाबाईंनी तिच्या पिशवीत टरबूज घातले, ओट्यापर्यंत आल्या आणि मायेने म्हणाल्या, "नीट जा. अन् आता मागं नको पाहू."

कमळा कोपऱ्यापर्यंत गेली. तिने पाहिले नाही.

मी त्या घरात आणखी दोन वर्षे राहिलो. रंभाबाईंनी रांजण भरणे सोडले नाही, पण त्या दिवसानंतर खिडकीकडे कान देऊन बसलेल्या त्या मला कधी दिसल्या नाहीत.